‘थांबा’ म्हणणारा सोबती हवा

गेल्या पंधरवड्यात एक ओळखीचे गृहस्थ दवाखान्यात आले. वय बावन्न. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत. सोबत पंचविशीतला मुलगा. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही लेकीबरोबर गोव्याची ती शर्यत पुरी केली, आता आम्ही बापलेकही नाव नोंदवतो. दोन महिने हातात आहेत. फक्त सर्टिफिकेट द्या.” मी आधी दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब १६८/१०४ निघाला. गोळ्यांबद्दल विचारले तर उत्तर मिळाले, “महिना झाला, बंद केल्या. आता बरं वाटतंय.”

सर्टिफिकेट मी दिले नाही. पण त्यांना बसवून घेऊन जे सांगितले, ते गावातल्या अनेकांच्या उपयोगाचे आहे असे वाटले, म्हणून आजचा लेख.

तीन विद्या, एक दिवस

ही शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. आधी पोहायचे, लगेच सायकल चालवायची आणि लगेच पळायचे. मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलायला लागणारा वेळही मोजला जातो. तिचा सर्वांत प्रसिद्ध लांब पल्ल्याचा प्रकार म्हणजे आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणे, हे सारे साधारण सतरा तासांच्या आत. याची सुरुवात हवाई बेटांवर १९७८ साली झाली. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या डोक्यातून ती निघाली. जास्त तंदुरुस्त कोण, पोहणारे की पळणारे, असा वाद रंगला होता. तो मिटवायला सगळेच एका दिवशी करून पाहू, असे ठरले. पहिल्या वर्षी पंधराजण उतरले आणि बाराजण शेवटपर्यंत पोहोचले.

याच्या बरोबर निम्म्या अंतराची शर्यत गोव्यात पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली प्रथम झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. एकूण मुदत साडेआठ तास. नोव्हेंबर २०२२ मध्ये मी आणि माझी मुलगी या शर्यतीत उतरलो. तेव्हा मी चोपन्न वर्षांचा होतो, ती सत्तावीस.

डॉक्टरांचाच रक्तदाब

या वेडाची सुरुवात मात्र अभिमानाची नाही. २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्याला नोकरी करणारी मुलगी घरून काम करायला खुलताबादला आली. एके दिवशी तिने सहज माझा रक्तदाब मोजला. १६०/१००. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखरेची तपासणी केली, ती ६.३ टक्के आली. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझे वडील पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, आणि हे ठाऊक असूनही मी पाच वर्षे स्वतःचा रक्तदाब मोजला नव्हता. दिवसाला साठ-सत्तर रुग्णांना “रोज चाला” असे सांगणारा मी दवाखान्यापर्यंत स्कूटरवर जात होतो.

मुलगी भांडली नाही. एवढेच म्हणाली, “बाबा, उद्या पहाटे साडेपाचला. मी बाहेर उभी असेन.”

पहिल्या दिवशी भद्रा मारुतीपर्यंत चालत गेलो आणि परतताना धाप लागली. गोळी सुरू केली. ती आजही सुरू आहे, व्यायामाने ती सुटली असे नाही. छातीचा आलेख आणि पट्ट्यावर चालवून करतात ती तणाव चाचणी शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांकडून करून घेतली. त्यांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच पळायला लागलो. पुढे सायकल आली. रविवारी वेरूळचा घाट उतरून कन्नडच्या रस्त्याला लागायचे आणि परतताना तोच घाट चढायचा. पाय तयार झाल्यावर म्हैसमाळची चढण. तरणतलाव बंद होते, पण मामांच्या शेतातली विहीर उघडी होती. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून जिथे पोहायला शिकलो, तिथेच पन्नाशीनंतर पुन्हा उडी मारली. तलाव उघडल्यावर आठवड्यातून दोनदा शहरात जाऊ लागलो.

गावात चेष्टाही झाली. एक आजोबा औषध घेता घेता म्हणाले, “डाक्टर, पोटाला काही कमी आहे का, एवढं कशापायी पळता?” दोन वर्षांत माझे वजन अकरा किलो उतरले आणि साखर ५.६ वर आली. तेव्हा तेच आजोबा सुनेला घेऊन आले आणि म्हणाले, “हिला पण ते चालायचं सांगा.”

दोघांचा करार

शर्यतीच्या आदल्या रात्री मुलीने कागदावर करार लिहिला. कलम एकच होते. दोघांपैकी कोणीही एकाने ‘थांबा’ म्हटले, तर दुसऱ्याने वाद घालायचा नाही. वय, डॉक्टरकी, बापपण, काही आड आणायचे नाही. मी हसून सही केली. सौभाग्यवती साक्षीदार झाल्या. त्या क्षणी मला वाटत होते की हा शब्द वापरायची वेळ आली तर ती माझ्यावर येईल. पोर जोशात आहे, तिला आवरावे लागेल.

पहाटे समुद्रात उतरलो आणि पहिल्या दोनशे मीटरमध्ये विहिरीतला पोहणारा उघडा पडला. विहिरीला कड असते, समुद्राला नसते. लाट नाकातोंडात गेली, छाती धडधडू लागली, श्वास आखूड झाला. बचाव पथकाच्या छोट्या होडीला धरून थांबण्याची परवानगी असते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नसते. मी होडी धरली. मुलगी शेजारी तरंगत राहिली आणि म्हणाली, “बाबा, श्वास सोडा. आधी सोडा.” घाबरलेला माणूस श्वास घेत राहतो, सोडत नाही. हे मी दम्याच्या रुग्णांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. एक तास चार मिनिटांनी बाहेर आलो. पोहण्याची मुदत एक तास दहा मिनिटांची होती.

सायकलवर सोबत चालत नाही. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवू नये म्हणून दोन सायकलींत बारा मीटर अंतर ठेवावे लागते आणि शेजारी शेजारी चालवणेही नियमात बसत नाही. त्यामुळे ९० किलोमीटर आम्ही एकट्यानेच केले. ती मुद्दाम मागे राहिली होती, हे मला नंतर कळले. तिची तयारी माझ्यापेक्षा तासभर आधी पोहोचण्याची होती.

अंगठी अडकली

पळायला लागलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. दर थांब्यावर मी पाणी पीत होतो. तहान असो वा नसो, एक पेला घशात, एक डोक्यावर. उन्हात भरपूर पाणी प्यावे, हे आपल्या अंगवळणी पडलेले. पंधराव्या किलोमीटरच्या आसपास डोके जड झाले, मळमळू लागले. मला वाटले, पाणी कमी पडले. पुढच्या थांब्यावर मी सबंध बाटली मागितली.

मुलीने माझा हात धरला. माझी बोटे सुजलेली होती आणि अंगठी मांसात रुतली होती. ती म्हणाली, “बाबा, पाणी नाही. थांबा.”

मी वाद घालायला तोंड उघडले आणि करार आठवला. आम्ही वैद्यकीय तंबूत गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने नाडी, रक्तदाब पाहिला, तारीख-वार विचारले आणि मग विचारले, “सकाळी काही गोळी घेतली होती?” घेतली होती. गुडघ्यासाठी वेदनाशामक. मुलीलाही न सांगता.

झाले होते असे. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. चार-पाच तासांहून जास्त चालणाऱ्या श्रमात, तहानेपेक्षा जास्त साधे पाणी पीत राहिले तर रक्तातील सोडियम पातळ होते. सावकाश जाणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण त्यांना प्यायला वेळ जास्त मिळतो. वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात, म्हणजे आगीत तेल. बोटे सुजणे, डोके दुखणे, मळमळणे ही सुरुवात. पुढे उलट्या, भ्रम, झटके, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही. शरीरातले पाणी कमी झाल्याची लक्षणेही बरीचशी अशीच दिसतात, आणि तिथेच फसगत होते. ती सबंध बाटली मी प्यायलो असतो तर काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही.

मला वीस मिनिटे बसवले. पाणी बंद, थोडे खारट खायला. लघवी झाली, डोके हलके झाले, प्रश्नांची उत्तरे नीट दिली, तेव्हा डॉक्टरने जाऊ दिले. मुलीने बजावले, “एक उलटी जरी झाली तरी शर्यत संपली.” उरलेले सहा किलोमीटर चालत-पळत, घड्याळाकडे न बघता केले. घड्याळ तीच बघत होती. आठ तास चोवीस मिनिटांनी आम्ही दोघांनी एकाच वेळी रेषा ओलांडली. मुदतीला सहा मिनिटे शिल्लक होती.

सोबत म्हणजे काय

घरातल्या माणसाबरोबर अशी कामगिरी करणारे आपल्याकडेही आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत, आलटून पालटून सायकल चालवत, नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. जगात सर्वांत प्रसिद्ध जोडी अमेरिकेतील डिक आणि रिक हॉइट या बापलेकांची. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती, चालता-बोलता येत नव्हते. वडील त्याला पाण्यात छोट्या नावेतून ओढत, सायकलच्या पुढच्या आसनावर बसवत आणि धावताना त्याची खुर्ची ढकलत. १९८९ मध्ये हवाईची पूर्ण आयर्नमॅन या दोघांनी अशीच पार केली. पण याच डिकना २००३ च्या सुमारास सौम्य हृदयविकाराचा झटका आला आणि हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली आढळली. पळणाऱ्या माणसाचे हृदय निरोगीच असते असे नव्हे. तपासणीला पर्याय नाही.

आपल्यासाठी एवढे लक्षात ठेवा

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणी शनिवारी शहरातून पंचवीसेक किलोमीटर चालत हजारो भाविक भद्रा मारुतीला येतात. त्यांच्यासाठीही हेच नियम आहेत.

चाळिशीनंतर मोठे श्रम सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि छातीचा आलेख पाहून घ्या. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर हे टाळूच नका.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, वेगळीच धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच जागी थांबा. देव आणि शर्यत दोन्ही पुढच्या वर्षीही असतात.

पाणी तहानेप्रमाणे प्या. उन्हात काम करणाऱ्या आपल्या शेतकरी-मजुरांना पाणी कमी पडण्याचाच धोका जास्त आहे, तेव्हा कमी प्या असा अर्थ कृपया काढू नका. मात्र तासन् तास घाम गाळत असाल तर नुसत्या पाण्यावर राहू नका. सोबत काही खारे खा किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी ठेवा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारा.

वेदनाशामक गोळी घेऊन लांबच्या श्रमाला निघू नका. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी सल्ला घ्या, पण मनाने बंद करू नका. मधुमेहींनी अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळपाय कोणाकडून तरी तपासून घ्यावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. सोबतीला असा माणूस घ्या, जो तुम्हाला ‘थांबा’ म्हणू शकेल आणि ज्याचे तुम्ही ऐकाल. आपल्या घरांत कर्त्या पुरुषाला थांब म्हणण्याची सोय नसते. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर बंद राहतात त्या यामुळेच. घरातल्या सगळ्यांना ते दिसत असते, पण बोलायचे कोणी?

त्या गृहस्थांना मी कागद दिला आणि तोच एककलमी करार लिहायला लावला. सही त्यांची, साक्षीदार मुलगा. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. पहिले सहा महिने रोज संध्याकाळी दोघांनी चालायचे, दर महिन्याला रक्तदाब दाखवायचा, तपासण्या नीट आल्या तर म्हैसमाळपर्यंत पायी जायचे. गोव्याचे त्यानंतर बघू.

काल संध्याकाळी दवाखाना बंद करताना ते दोघे रस्त्याने जाताना दिसले. वडील पुढे रेटत होते. मुलगा मागून काहीतरी म्हणाला, तसे वडील रस्त्याच्या कडेला थांबले. मला बरे वाटले.