बागची छपाई आणि व्यापाऱ्याचा शब्द

कापडाच्या व्यापाऱ्यास कापडाची किंमत ठाऊक असते; कापडाचे चरित्र ठाऊक असतेच असे नाही. हा दोष आम्ही दुसऱ्या कोणाच्या पदरात घालीत नाही, तो आमचाच आहे. इंदूरच्या बाजारात तागे मोजण्यात आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या गेल्या. तथापि आपल्याच माळव्या-निमाडच्या सीमेवर, धारच्या पुढे कुक्षीच्या बाजूस असलेल्या बाग या गावी लाकडी ठशांनी कापड कसे छापतात, हे डोळ्यांनी पाहण्याचा योग आम्हांस फार उशिरा आला. तोही एका फजितीमुळे आला.

एके दिवशी दुकानात एक वृद्ध बाई आल्या. आम्ही त्यांच्यापुढे चादर उलगडली आणि ‘बागची हातछपाई’ असे सांगून भाव सांगितला. बाईंनी चादर उलटी केली, चष्मा सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, “शेटजी, हा माल यंत्रावरचा आहे. हाताने मारलेले दोन ठसे असे तंतोतंत एकसारखे उठत नसतात. घेताना आपण पाहिले नाही का?” आम्ही पाहिले नव्हते. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलला, त्याच्या शब्दावर आम्ही विसंबलो होतो. बाई रागावल्या नाहीत आणि चादरही घेतली नाही. त्यांचे ते न रागावणेच आम्हांस अधिक झोंबले. पुढल्याच आठवड्यात आम्ही बागची वाट धरली.

बाग हे नाव तेथील प्राचीन बौद्ध लेण्यांमुळे व त्यांतील भित्तिचित्रांमुळे विद्वानांस परिचित आहे. छपाईची आजची ख्याती मात्र तेथील खत्री घराण्यांची. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वज सिंधमधील लारकान्याकडून निघाले, मारवाडात राहिले, पुढे निमाडात मनावर येथे आले आणि १९६२ च्या सुमारास बागेत स्थिरावले. वाहते पाणी हे त्यांच्या धंद्याचे भांडवल. म्हणून नदीकाठ त्यांनी पसंत केला. भिल्ल-भिलाला स्त्रियांचे घागरे व ओढण्या छापणे हा त्यांचा मूळ उद्योग. गिरणीचे स्वस्त छापील कापड आठवडी बाजारात पोहोचले, तेव्हा हे गिऱ्हाईक हातचे गेले. त्या पडत्या काळात इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी तेच जुने ठसे व तेच रंग चादरी-साड्यांवर आणून नवे गिऱ्हाईक मिळविले. १९८४ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

आता कृती पाहू. कोरे सुती कापड प्रथम धुऊन त्यातील खळ काढतात. मग शेळ्यांच्या लेंड्या, खारे मीठ व एरंडेल यांच्या मिश्रणात ते तुडवून रात्रभर मुरवितात, वाळवितात, आणि हा क्रम पुन्हा पुन्हा करतात. त्यानंतर हिरड्याच्या पाण्यात बुडविल्यावर कापडास फिकट पिवळी छटा येते. छापणारा कारागीर दोनच मुख्य लेप वापरतो. लोखंडाचा गंज व गूळ एकत्र आंबवून काळ्याचा लेप होतो. तुरटी व चिंचोक्याचे पीठ यांपासून तांबड्याचा. गंमत अशी की, तुरटीचा लेप छापताना त्यात खरा तांबडा रंग नसतोच. छापलेले कापड काही दिवस मुरू देतात, नदीच्या प्रवाहात जास्तीचा लेप वाहू देतात आणि मग तांब्याच्या हंड्यात अलिझरीन व धायटीची फुले घालून उकळतात. तेव्हा जेथे तुरटी बसली असेल तेथेच तांबडा उजळतो; हिरड्याचा तुरटपणा व लोह यांच्या संयोगाने काळा तर आधीच पक्का झालेला असतो. शेवटी काठावर कापड पसरून त्यावर पाणी शिंपडीत राहतात. ऊन मधली जमीन पांढरी करते. पूर्वी तांबड्यासाठी आलीची मुळे वापरीत. १८६८ साली जर्मनीत अलिझरीन कृत्रिम रीतीने सिद्ध झाले आणि आलीची शेती हळूहळू मोडली.

या कलेचा आपल्या पूर्वजांशी असलेला संबंध थोडाथोडका नव्हे. कैरोजवळील फुस्तात येथे जुन्या छापील सुती कापडाचे तुकडे सापडले असून ते गुजरातकडून समुद्रमार्गे गेलेले आहेत. त्यांवरील काही नक्षी कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांतील वस्त्रांवरही आढळते. युरोपात आपल्या चिटांचा असा बोलबाला झाला की, फ्रान्सने १६८६ साली त्यांवर बंदी घातली व ती १७५९ पर्यंत चालविली. इंग्लंडनेही १७०१ व १७२१ मध्ये असेच निर्बंध घातले. इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हा शब्द आपल्या चिटाचाच पाहुणा होय.

ज्या मालास राजाज्ञा रोखू शकली नाही, त्यास आज नकलेने ग्रासले आहे. स्क्रीनवर किंवा डिजिटल यंत्रावर छापलेले कापड बागच्या नावाने विकले जाते. यंत्राच्या मालास आम्ही नावे ठेवीत नाही. गरिबाच्या घरात त्यानेच रंग आला. परंतु तो आपल्या नावाने विकला जावा. नकलेचा भाव गिऱ्हाइकाच्या मनात बसला, की तोच भाव कारागिरास ऐकविला जातो, आणि अनेक दिवसांच्या श्रमाची किंमत काही क्षणांच्या कामाशी तोलली जाते. मग त्याचा मुलगा ठसा खाली ठेवून शहराची वाट धरतो.

पारख अवघड नाही. हातछपाईत ठशांचे सांधे कोठे किंचित जवळ, कोठे किंचित दूर पडतात. रंग कोठे दाट, कोठे विरळ उठतो. तो धाग्यात मुरलेला असल्याने उलट बाजूसही त्याची छाया दिसते. यंत्रावर हाताच्या चुकांचीही नक्कल करतात. परंतु तेथे चूकही छापलेली असते, आणि नक्षीच्या प्रत्येक फेऱ्यात ती नेमकी त्याच जागी परत येते. हाताची चूक अशी कधीच परत येत नाही.

१९९९ चा भौगोलिक संकेतांचा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. बागची छपाई त्याखाली नोंदलेली असून, खोटा संकेत लावणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु आपल्यासाठी याहून जुना नियम आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यांत खोट्या मापाच्या जोडीनेच ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून विकणे हाही गणला आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ या सबबीने कदाचित दोष हलका होत असेल. परंतु जाणून घेणे ज्याच्या हाती होते, त्याला ती सबब कितीदा शोभावी?

असो. बागेहून परतल्यावर आम्ही दुकानात दोन फळ्या वेगळ्या केल्या: एकीवर ‘हातछपाई’, दुसरीवर ‘यंत्रछपाई’. विक्री प्रथम घटली, हे लपविण्यात अर्थ नाही. त्या बाई मात्र पुन्हा आल्या. त्यांनी दोन्ही फळ्या पाहिल्या, पहिलीवरची एक चादर उतरवावयास सांगितली, आणि या वेळी ती उलटी करून पाहिली नाही. आमच्या व्यापारबंधूंनी आपापल्या दुकानी अशा दोन फळ्या कराव्यात, एवढीच आमची विनंती आहे.