पुस्तकाचे गाडीभाडे

दिलेले पुस्तक परत येत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. ‘पुस्तक मागू नये’ अशा चिठ्ठ्या घरोघरच्या कपाटांवर असायच्या. अशा समाजात एका ग्रंथालयाने दुसऱ्याला, केवळ कुणा अनोळखी वाचकाची गरज म्हणून, पुस्तक उसने द्यावे ही कल्पना किती उदार! ग्रंथालयशास्त्रात तिला ‘आंतरग्रंथालयीन देवघेव’ असे जडजंबाल नाव आहे. व्यवहार मात्र सोपा. नांदेडच्या विद्यार्थ्याला हवे असलेले पुस्तक त्याच्या विद्यापीठात नाही, पुण्याला आहे. मग नांदेडच्या ग्रंथपालाने पुण्याच्या ग्रंथपालाला लिहायचे, पुस्तक टपालाने यायचे आणि ठरल्या मुदतीत परत जायचे. व्याज नाही, तारण नाही. माझी सारी नोकरी बँकेत गेली, पण इतके स्वच्छ कर्ज मी दुसरे पाहिले नाही.

हे कर्ज आता महाग होत चालले आहे. टपाल खात्याची नोंदणीकृत बुकपोस्टाची स्वस्त सोय १८ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली. प्रकाशकांनी आणि विक्रेत्यांनी आरडाओरडा केला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची नवी सेवा आली: ३०० ग्रॅमला २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. दर वाजवी आहेत, नाही म्हणवत नाही. पण आपले पुस्तक जाते तसे परतही येते. तेव्हा हिशेब दुप्पट धरायचा. आणि तेही सारे नियमांत बसले तर. नाहीतर पार्सल किंवा कुरिअर आहेच.

टपालखर्च डोळ्यांत भरतो, कारण त्याची पावती मिळते. खरा खर्च पावतीवर येतच नाही. मागणी नोंदवणे, सूचीत शोधणे, रॅकवरून पुस्तक काढणे, फाटकी पाने पाहून ठेवणे, पुठ्ठा लावून बांधणे, पोस्टात जाणे, मुदत टळली की स्मरणपत्र लिहिणे, हे सारे कुणीतरी माणूस करत असतो आणि त्याला पगार असतो. अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांनी १९९३ साली याचा रीतसर हिशेब मांडला होता. एका पुस्तकाच्या देवघेवीला सरासरी २९.५५ डॉलर पडत होते, त्यांतले १८.६२ घेणाऱ्याचे, १०.९३ देणाऱ्याचे, आणि एकूण खर्चाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग नुसता पगारावर. आपल्याकडे असा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. ग्रंथालयातली जागा रिकामी ठेवली की पगार वाचतो, एवढेच आपल्याला दिसते. मग मागणीपत्र महिनाभर टेबलावर पडून राहते.

यात भरडला जातो तो नव्या विद्यापीठाचा विद्यार्थी. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, पुण्याचे १९४९ चे. नांदेडचे १९९४ साली झाले, गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ तर २०११ साली. त्यांनी १८९० सालची मराठी पुस्तके कुठून आणायची? ती बाजारात नाहीतच. ती आहेत मुंबई-पुण्यात आणि ठाण्याच्या १८९३ पासूनच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थांत. पुस्तक येत नाही म्हटल्यावर विद्यार्थी स्वतः निघतो. रात्रीची एस.टी., कुणा मित्राच्या खोलीवर मुक्काम, बाहेर जेवण आणि दोन दिवसांत जमेल तेवढे टिपण. हा खर्च कोणत्याच ग्रंथालयाच्या जमाखर्चात दिसत नाही. ज्या मुलीला घरून एकटीने असे जाता येत नाही, तिचे तर विचारूच नका. ती विषय बदलते. जवळच्या कपाटात जी पुस्तके आहेत त्यांवरच प्रबंध लिहिते आणि एक चांगला विषय तिथेच संपतो.

आता कुणी म्हणेल, सरकारने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना आणलीच आहे की. आणली आहे, आणि ती मोलाची आहे. २०२५ ते २०२७ या ३ वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला परदेशातील ताजा लेख आता गडचिरोलीत बसून वाचता येईल. पण ही नियतकालिके झाली, पुस्तके नव्हेत. परदेशातला लेख क्षणात येतो आणि पुण्यातले मराठी पुस्तक येत नाही!

माझ्यासारख्या बँकवाल्याला यावर क्लिअरिंग आठवते. कुणाचे किती देणे-घेणे हे दिवसाअखेर एका ठिकाणी मांडून फक्त फरक चुकता करायचा. दिल्लीत १९८८ साली सुरू झालेले ‘डेलनेट’ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली सुरू केलेले ‘इन्फ्लिबनेट’ ही ग्रंथालये जोडणारी जाळी आपल्याकडे आहेतच. राज्यातल्या विद्यापीठांनी आणि जुन्या ग्रंथसंग्रहालयांनी सहामाही हिशेब केला, तर सतत देणारी ग्रंथालये कोणती हे कागदावर येईल. त्यांचा भार सरकारने उचलावा. रकमेने कुणाचे अंदाजपत्रक कोसळणार नाही. कोणते पुस्तक कुठे आहे याची राज्यभराची एकत्र सूचीही त्याबरोबर हवी. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची संगणकाचे नावही नसताना केली आणि पुढच्या खंडात १९५० पर्यंत आणली.

जीर्ण पुस्तक प्रवासाला पाठवू नये, हा ग्रंथपालांचा आक्षेप मात्र रास्त आहे. अशा पुस्तकाची प्रतिमा काढून पाठवावी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. राजवाडे १९२६ सालीच गेले. कादंबरीच्या कामासाठी मी एका ग्रंथालयाकडून अशी प्रत मागवली. पानामागे पैसे घेतले, त्याबद्दल तक्रार नाही. तुमच्याकडे ही प्रत जपून ठेवली का, असे नंतर विचारले. “नाही हो, तुमच्यासाठीच काढली होती,” उत्तर आले. पुढच्याने मागितली तर पुन्हा काढू म्हणाले, आणि पुन्हा पैसे घेऊ.