शि की त्सु? फ्लॅशकार्डांविषयी काही गैरसमज

जपानी शिकणाऱ्यांना काताकाना लिपीतली एक जोडी हमखास छळते: शि आणि त्सु. दोन्हींत दोन छोट्या रेघा, एक लांब रेघ. मग फ्लॅशकार्डांचा गठ्ठा तयार होतो आणि तोच तो पुन्हा पुन्हा चाळला जातो.

कार्ड जितक्या वेळा पाहू तितकं अक्षर पक्कं होतं, हा सर्वांत मोठा गैरसमज. पक्कं होतं ते उत्तर झाकून आठवल्यावर. त्यातही सुटं कार्ड ‘हे कोणतं अक्षर?’ एवढंच विचारतं. घोळ मात्र दोघांतल्या फरकाचा असतो. म्हणून दोन्ही अक्षरं एकाच कार्डावर शेजारी काढा आणि प्रश्न लिहा: शि कोणतं, कशावरून? मागे उत्तर: शिच्या छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक, लांब रेघ खालून वर उजवीकडे जाणारी. त्सुच्या छोट्या रेघा वर शेजारी-शेजारी, लांब रेघ वरून खाली डावीकडे उतरणारी. न आणि सो या जोडीत छोटी रेघ एकच, पण लांब रेघेचा नियम तोच: न वर चढतो, सो खाली येतो.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत हाताने लिहायचं नसतं, मग गिरवायचं कशाला, असं पुण्यातले परीक्षार्थीही विचारतात. इथे फरकच रेघेच्या दिशेत आहे आणि ती दिशा हाताला आधी कळते. चार वेळा गिरवाच.

सारखी अक्षरं एकत्र शिकू नयेत, हे अर्धंच खरं. पहिलं अक्षर नीट बसेपर्यंत दुसरं लांब ठेवावं. नंतर मात्र दोन्ही मिसळलीच पाहिजेत. कॉर्नेल आणि ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांच्या 2008च्या प्रयोगात वेगवेगळ्या चित्रकारांची चित्रं मिसळून पाहणाऱ्यांना नवं चित्र कोणाचं हे जास्त चांगलं ओळखता आलं. गंमत म्हणजे बहुतेकांना एकेका चित्रकाराची चित्रं सलग पाहणंच सोपं आणि फायद्याचं वाटलं होतं.

हाच घोळ कांजींत, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांतही होतो, आणि त्या तर नेहमीच्या वापरातल्याच 2136. ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणं आणि ‘मोत्सु’ म्हणजे हातात धरणं, यांच्या कांजींचा उजवा भाग एकच, ‘देऊळ’ या अर्थाचा. डावीकडे एकात चालण्याची खूण, दुसऱ्यात हाताची. कार्डावर सुटी कांजी नको, अख्खं वाक्य लिहा. माती आणि योद्धा यांच्या कांजींत मात्र भागही तेच: खालची आडवी रेघ लांब तर माती, वरची लांब तर योद्धा. ही जोडी एकाच कार्डावर हवी.