होम रनचे विक्रम आणि छेदाचा प्रश्न

होम रनचा विक्रम ही वरवर पाहता सरळ बेरीज आहे. फलंदाजाने टोलावलेला चेंडू बहुधा कुंपण ओलांडून जातो, फलंदाज चारही तळांना प्रदक्षिणा घालून येतो आणि त्याच्या खात्यावर एक अंक चढतो. क्रिकेटमधील षटकाराशी असलेले साधर्म्य उघड आहे. परंतु दोन भिन्न हंगामांतील बेरजा शेजारी मांडल्या की, या अंशांखाली कोणता छेद गृहीत धरावयाचा, हा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये या प्रश्नाने एका खेळाडूचे श्रेय तीस वर्षे संदिग्ध ठेवले.

१९२७ साली न्यू यॉर्क यांकीज संघाच्या बेब रूथने ६० होम रन मारले. त्या वर्षी अमेरिकन लीगमधील इतर सात संघांपैकी एकाही संघाची एकूण बेरीज तेवढी नव्हती. तेव्हा हंगाम १५४ सामन्यांचा असे. १९६१ साली लीगमधील संघ आठांचे दहा झाले व सामने १६२ झाले. आणि नेमक्या त्याच वर्षी यांकीजचाच रॉजर मॅरिस रूथच्या आकड्याजवळ येऊ लागला. जुलैमध्ये आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी असा निर्णय दिला की, विक्रम १५४ सामन्यांच्या आत न मोडल्यास नोंदीत तो भेद दर्शविला जावा. फ्रिक पूर्वाश्रमीचे पत्रकार. रूथच्या नावाने प्रसिद्ध होणारे लेख ते लिहून देत असत, ही गोष्ट येथे दृष्टीआड करणे कठीण आहे. १५४ सामन्यांअखेर मॅरिसचे ५९ होम रन झाले होते. एकसष्टावा १ ऑक्टोबर रोजी, हंगामाच्या अखेरच्या सामन्यात आला. पुढे दोन्ही विक्रम पृथक् नोंदले गेले. लोकसमजुतीतील तारकाचिन्ह मात्र अधिकृत नोंदीत कधीच नव्हते.

फ्रिक यांनी सामना हा छेद मानला. वस्तुतः फलंदाजास संधी मिळते ती पाळीगणिक. रूथच्या पाळ्या ६९१, मॅरिसच्या ६९८; म्हणजे आठ अधिक सामन्यांच्या हंगामातही फरक अवघा सात पाळ्यांचा. प्रमाण काढल्यास रूथचे शेकडा ८.६८ व मॅरिसचे ८.७४ येते. हे अंतर यदृच्छेपलीकडे काही सिद्ध करीत नाही. तथापि मॅरिसला केवळ वाढीव हंगामाने तारले, हा आक्षेप त्यामुळे निष्प्रभ होतो.

मात्र प्रश्न येथेच मिटत नाही. चार चेंडू योग्य कक्षेबाहेर पडले की फलंदाजास पहिला तळ आयताच मिळतो. अशा व तत्सम पाळ्या वगळून उरणारी संख्या छेद म्हणून घेतली, तर रूथच्या पाळ्या ५४० व मॅरिसच्या ५९० उरतात, आणि प्रमाणे अनुक्रमे ११.११ व १०.३४ होतात. क्रम उलटला! रूथला १३७ वेळा असा तळ मिळाला, मॅरिसला ९४ वेळा. मॅरिसच्या पाठोपाठ मिकी मँटल फलंदाजीस येत असल्याने मॅरिसला टाळण्यात गोलंदाजांचा लाभ नव्हता. त्या संपूर्ण हंगामात त्याला एकदाही हेतुपुरस्सर तळ बहाल केला गेला नाही. सारांश, छेदाची निवड ही फलंदाजाच्या परिस्थितीविषयीचे एक गृहीतक असते.

छेद कितीही सुधारला तरी काही दोष त्यात मावत नाहीत. रूथच्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूंना या लीगांत प्रवेशच नव्हता. तो १९४७ साली जॅकी रॉबिन्सनमुळे खुला झाला. १९९८ साली ७० होम रन मारणाऱ्या मार्क मॅग्वायरने उत्तेजक द्रव्यांचा वापर २०१० साली कबूल केला.

मॅरिसची पृथक् नोंद १९९१ साली रद्द झाली. तो १९८५ मध्येच निवर्तला होता. २०२२ साली यांकीजच्याच आरॉन जजने ६२ होम रन मारून अमेरिकन लीगचा विक्रम आपल्या नावे केला. त्याच्या ६९६ पाळ्या धरल्यास प्रमाण ८.९१ येते, म्हणजे दोघांहूनही सरस. उर्वरित ५७० पाळ्या धरल्यास ते १०.८८ होते, आणि रूथ पुन्हा पुढे जातो.