स्क्रू-ड्रायव्हरची भीती आणि बिलावरचा फटका

पेणला किंवा रोह्याला कुणी 'कॉम्प्युटर घरीच जुळवतोय' म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात: 'काहीतरी जळेल' आणि 'असेंबल्डला वॉरंटी नसते'. दोन्ही चूक. खरं नुकसान होतं ते भाग जोडताना नव्हे, तर त्याआधी दुकानाच्या काउंटरवर.

वॉरंटीचंच बघा. तयार ब्रँडेड कॉम्प्युटरला बहुधा वर्षभराची एकच वॉरंटी असते. सुटे भाग घेतले, तर प्रत्येकाची वेगळी: खोक्यात येणाऱ्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरला 3 वर्षं, बऱ्या एसएमपीएसला, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, 5 वर्षं किंवा त्याहूनही जास्त. फक्त सीरियल नंबर असलेलं पक्कं बिल हवं. पनवेलहून लोकल पकडून मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठायचा आणि चार पैसे वाचवायला कच्च्या पावतीवर माल उचलायचा, ही बचत पहिल्याच बिघाडाला अंगाशी येते.

'ग्राफिक्स कार्डाशिवाय स्क्रीनवर काही येत नाही' हा समज अर्धवट खरा, म्हणून जास्त महागात पडणारा. रायझन 5 5600जी या प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स असतं. जमाखर्च, ऑनलाइन वर्ग, फोटोंची साधी कामं त्यावर आरामात होतात. पण नावातला 'जी' गळला आणि नुसता 5600 घरी आला, तर कार्डाशिवाय पडदा काळाच. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर तेच. एका अक्षराची चूक, आणि उघडलेलं खोकं दुकानदार परत घेत नाही.

मदरबोर्डचंही तसंच. 'नवा आहे ना, मग बसेल' असं नसतं. एएमडीच्या एएम4 सॉकेटचा प्रोसेसर एएम5 वर बसत नाही. इंटेलच्या 12व्या ते 14व्या पिढीचे घरगुती प्रोसेसर एकाच एलजीए1700 सॉकेटचे, पण त्यासाठीचे बोर्ड डीडीआर4 आणि डीडीआर5 अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसणारच नाही. थांबलं की भाव उतरतो, या ठोकताळ्यावरही फार विसंबू नका. 2025च्या अखेरीस डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. थांबलेल्यांनीच जास्त मोजले.

'650 वॅटचा एसएमपीएस घेतलास? बिल बघ किती येतं!' मोठी टाकी बसवली म्हणून कुणी जास्त पाणी पीत नाही. कॉम्प्युटरला 60 वॅट लागत असतील तर एसएमपीएस 60 आणि वर थोडी घट, एवढीच वीज खेचतो. काळजी करायची ती स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसची. त्यावरच्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही.

आता हाताळणी. स्थिर विजेने भाग खराब होऊ शकतो हे खरं, पण ती कोरड्या हवेत जास्त साठते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तिचा जोर कमीच. अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला तरी बहुतेक काम भागतं. नवखा माणूस चुकतो तो भलत्या जागी जोर लावून. एएम4 प्रोसेसर कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. रॅम मात्र 'खट्' होईपर्यंत दाबावी लागते. इंटेलच्या सॉकेटची दांडी खाली घेताना कर्रर्र आवाज येतो, तो यायचाच.

सगळं नीट जुळलं, आणि कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या आल्या, की निदान ठरलेलं: 'एसएमपीएस खराब.' तो बदलूनही झिणझिण्या येतातच. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि तिसऱ्या पिनेतून जमिनीत जावा अशी रचना असते. जुन्या घरात अर्थिंगच नसेल, किंवा वाटेत दोन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड असेल, तर त्याला वाट मिळत नाही आणि तो तुमच्या बोटांतून जातो. अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडला तरी ते कमकुवत होतं, म्हणून जुने वायरमन त्यात पाणी ओतायला सांगतात. कॉम्प्युटरचं खोकं फोडण्याआधी वायरमनला बोलवा. 'यूपीएस आहे, मग वीज पडली तरी चिंता नाही' हाही भ्रमच. ढग गडगडायला लागले की प्लग काढायचा, आणि ब्रॉडबँडची तांब्याची वायरही.

कॅबिनेटची बाजू उघडी ठेवली की थंड राहतं, असंही सांगतात. तापमान थोडं उतरेलही. पण हमरापूर-जोह्यासारख्या गावात, जिथे गणपतीच्या कारखान्यांतून प्लास्टरची बारीक भुकटी उडते, तिथे ती हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते आणि मग आधीपेक्षा जास्त तापतं. शिवाय पाल. ऊब शोधत ती आत शिरते.

आणि बटण दाबलं, पंखा फिरला, पण पडदा काळा? लगेच 'जळला' म्हणू नका. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलीय का, प्रोसेसरची 8 पिनांची वायर राहिलीय का, रॅम पुरती बसलीय का, हे बघा. डीडीआर5 चा नवा बोर्ड असेल तर पहिल्यांदा रॅमशी जुळवून घ्यायला तो काही मिनिटंही घेतो. घाईने बटण दाबून बंद केलंत, तर ते सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात चहा होतो.