आधी पट्टी झाका!

'मर्यादित आवृत्ती'चा सिगार खरंच वेगळा असतो का, असं मला पुष्कळजण विचारतात. क्युबाच्या 'हाबानोस'नं ही मालिका २००० साली सुरू केली. तिच्यासाठी वरचं वेष्टनाचं पान किमान दोन वर्षं मुरवलं जाई. २००७पासून आतली तंबाखूही तेवढीच मुरवतात. काळी-सोनेरी जादा पट्टी ही त्याची खूण. पट्टीवरून मुरवण कळते, चव कळत नाही. म्हणून मी म्हणतो, पारख करताना आधी पट्टी झाका. न पेटवता झुरका घेऊन ओढ पाहा. पुढे सिगारचे तीन भाग मानून प्रत्येकाची चव वेगळी नोंदवा. कडवटपणा बहुधा शेवटच्या भागात उघडा पडतो. धूर छातीत न घेता तोंडातच घोळवतात; तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. गुणपत्रिकेत त्याचा रकाना नसतो. तो आपणच भरायचा.