आधी कारखाना, मग शाळा

आपल्याकडे आधी शाळा निघते आणि कार्यशाळेसाठी पुढे वर्षानुवर्षं अर्ज करावे लागतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं उलटं झालं. तिथे आधी कारखाना होता. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांची प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. यांतला कोणीच सिनेमाच्या शाळेत गेलेला नव्हता. अशी शाळा होती कुठे? बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडदे रंगवत, कॅमेरा खोलून पुन्हा जोडत ही मंडळी तयार झाली. प्रभात बंद पडल्यावर त्याच जागेत, त्याच फ्लोअरवर सरकारनं १९६० साली शिक्षणसंस्था काढली. उस्तादाच्या हाताखाली जे शिकायचं, त्याचा अभ्यासक्रम झाला, त्याला प्रवेशपरीक्षा आली, हजेरीपट आला. १९७४ मध्ये दिल्लीतलं टीव्हीचं प्रशिक्षण इथे हललं आणि नावात ‘टेलिव्हिजन’ शिरलं. २०२५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. पुणेकरांच्या तोंडी मात्र अजून ‘फिल्म इन्स्टिट्यूट’च.

आवारात एक आंब्याचं झाड आहे, त्याला मुलं ‘विज्डम ट्री’ म्हणतात. साठच्या दशकात थोडा काळ उपप्राचार्य असलेले ऋत्विक घटक या झाडाखाली मुलांना घेऊन बसत, असं सांगतात. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. झाडाबद्दल इतकं लिहून झालंय की त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं होत असेल. माझ्या मते इथलं खरं शिक्षण झाडाखाली कमी आणि अंधारात जास्त झालं. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, तेही इन्स्टिट्यूटच्याच रस्त्यावर, आणि पी. के. नायर यांनी जगभरच्या सिनेमांची रिळं जमवायचा ध्यास घेतला. शिकवायला सतीश बहादूर होते. ‘पथेर पांचाली’ ते शॉट-शॉट सुटा करून दाखवत. दुपारी कॅमेरा हातात घ्यायचा आणि संध्याकाळी मेन थिएटरमध्ये तुमच्यापेक्षा शंभर पटींनी चांगल्या माणसानं तोच कॅमेरा कसा वापरला ते बघायचं. पहिल्या वर्षाच्या पोराचा तोरा उतरवायला एवढं पुरे.

दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनी हे फिल्म विभागाचे जुने चार खांब. कला-दिग्दर्शन, अभिनय, पटकथा हे विषयही आहेत, पण रोजचं भांडण या चौघांतच. एकाला एकट्यानं फिल्म करता येत नाही. कॅमेऱ्याच्या मुलानं संध्याकाळचा प्रकाश मिळावा म्हणून तासभर ताटकळत ठेवलं, तर दिग्दर्शनाच्या मुलीचा एक शॉट जातो. ध्वनीची मुलगी ‘पुन्हा घ्या, मागे रिक्षा वाजली’ म्हणते तेव्हा सगळे तिच्याकडे डोळे वटारतात, आणि संकलनाच्या टेबलावर तिचंच बरोबर निघतं. फिल्मच्या काळात हे टेबल म्हणजे स्टीनबेक. आडव्या थाळ्यांवर एकीकडे चित्राची फीत फिरे, दुसरीकडे आवाजाची. कापायच्या फ्रेमवर पांढऱ्या ग्रीस पेन्सिलीची खूण करायची, कात्रीसारख्या यंत्रात फीत चिरायची, पारदर्शक पट्टीनं जोडायची. निर्णय चुकला तर पट्टी सोलून पुन्हा सगळं. माउसच्या एका टिचकीत ‘अनडू’ होतं, तेव्हा कापण्याआधी थांबून विचार करायची सवय लागत नाही. जुन्या पिढीचं हे गाऱ्हाणं मला थोडं खरं वाटतं, सगळं नाही.

या शाळेनं वेळही भरपूर खाल्ला आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पण २००८ साली दाखल झालेल्या तुकडीतल्या मुलांच्या डिप्लोमा फिल्म २०१५ मध्येही अपुऱ्या होत्या. त्याच वर्षी अध्यक्षाच्या नेमणुकीवरून १३९ दिवस संप चालला. त्या संपात असलेली पायल कपाडिया २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवातून ग्रां प्री घेऊन आली. त्याच कानमध्ये विद्यार्थ्यांच्या विभागात पहिलं बक्षीस चिदानंद नाईकच्या लघुपटाला मिळालं, आणि तो झाला होता एक वर्षाच्या टीव्ही अभ्यासक्रमाच्या शेवटी. टीव्ही विभागाकडे फिल्मवाल्यांनी जरा नाक मुरडूनच पाहिलेलं आहे, त्यामुळे ही बातमी वाचून मला विशेष गंमत वाटली.

आता व्हीएफएक्सकडे, म्हणजे संगणकावरच्या दृश्यपरिणामांकडे येऊ, कारण दहावी-बारावीच्या पोरांचे आईबाप आज विचारतात ते याबद्दलच. मुंबई-पुण्यात हे शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. तिथे सॉफ्टवेअर शिकवतात: माया, न्यूक, हूडिनी. काम खोटं नाही आणि नोकऱ्याही खोट्या नाहीत. १९९७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसनं २०१४ मध्ये लंडनची व्हीएफएक्स कंपनी डबल निगेटिव्ह आपल्यात घेतली. ‘ड्यून’च्या दोन्ही भागांच्या व्हीएफएक्सच्या ऑस्करवर याच डबल निगेटिव्हचं नाव आहे. पण नव्या पोराच्या पदरात पहिल्यांदा पडतं ते रोटो. म्हणजे चालत्या चित्रातून माणूस कातरून काढायचा. तीन सेकंदांचा शॉट, सेकंदाला २४ फ्रेम, एकूण ७२. नायिका मान वळवते, वाऱ्यानं बट उडते. त्या बटेच्या कडेवर बिंदू ठेवायचे, काही फ्रेम पुढे जायचं, बिंदू सरकवायचे. हात हलला की हाताची कडा पुसट होते, तीही तितकीच पुसट ठेवायची. कडा जास्त धारदार झाली तर बाई पुठ्ठ्याची दिसते. हे करता करता दिवस जातो.

इतकं करूनही शॉट खोटा का वाटतो, याचं उत्तर बऱ्याचदा कातरकामात नसतं, प्रकाशात असतं. एका चित्रीकरणाला मी पाहिलं: नटांचा शॉट झाला, ‘कट’ ऐकू आलं, सगळे चहाकडे वळले, आणि एक मुलगा दोन चेंडू घेऊन धावत कॅमेऱ्यासमोर आला. एक आरशासारखा चकचकीत, दुसरा साधा राखाडी. नट उभा होता तिथेच ते धरून त्यानं दोन-चार सेकंद चित्रीकरण करून घेतलं. चकचकीत चेंडूत चारी बाजूंचे दिवे दिसतात. राखाडी चेंडूवर उजेड कुठून येतो, किती कडक आहे, सावलीचा रंग निळसर की पिवळट, ते कळतं. पुढे संगणकातला राक्षस याच उजेडात उभा करायचा असतो. चहाच्या रांगेतलं कोणीतरी त्या मुलाला ‘चल बाबा, आटप’ म्हणालं. तो हलला नाही.

राखाडी चेंडूवरची सावली वाचायला सॉफ्टवेअर लागत नाही, खिडकीपाशी ठेवलेल्या मडक्याकडे वर्षभर बघावं लागतं. छायालेखनाचा विद्यार्थी नेमकं हेच करत असतो. म्हणून व्हीएफएक्स शिकू पाहणाऱ्यानं आधी प्रकाश शिकावा, संगणक नंतर, असं माझं मत आहे आणि आईबापांना ते आवडत नाही.

इन्स्टिट्यूटच्या याच फ्लोअरवर प्रभातवाल्यांनी १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ केला. दामले-फत्तेलाल दोघेही मुळात चित्रकार. शेवटी गरुडाच्या आकाराचं विमान तुकोबांना घेऊन वर जातं, तिथे जोडकाम आजच्या डोळ्याला लगेच कळतं. मुलांबरोबर बसून तो प्रसंग पाहिला, तेव्हा कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतला एक पोरगा मात्र शेजाऱ्याच्या कानाला लागला: ‘विमानावर ऊन कुठल्या बाजूनं येतंय बघ.’